माळावरचं शहर

पिंपरी-चिंचवडचा नकाशा काढायला सांगितला की मुलं आधी मुंबई-पुणे रस्ता काढायची. वहीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ, तिच्यावर दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी असे ठिपके, झाला नकाशा. मी तो खोडायला लावायची. आधी नद्या काढा, मग रस्ता. महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि या एका हट्टापायी मुलांनी मला ‘नदीबाई’ नाव ठेवलं होतं. ठेवू देत. रस्ता कुणालाही दिसतो, तो दाखवायला बाई कशाला लागते?

तर नद्या तीन. दक्षिणेच्या कडेने मुळा, उत्तरेच्या कडेने इंद्रायणी आणि शहराच्या पोटातून पवना. इंद्रायणी लोणावळ्याकडून निघते, देहू आणि आळंदी करत तुळापूरला भीमेत जाते. पवना मावळातल्या डोंगरातून येते आणि रावेत, चिंचवड, पिंपरी ही गावं मागे टाकून दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळेची गंमत वेगळीच. तिचं वरचं पाणी मुळशीला टाटांच्या धरणात अडतं, सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरतं आणि भिऱ्याला वीज करतं. पूर्वेला वाहायचं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता. वरच्या अंगाच्या माणसाने पाणी द्यायचं आणि खालच्या अंगाच्या माणसाने कारखाना चालवायचा, ही आमच्या भागाची रीत तेव्हापासूनची आहे.

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या पिंपरीला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा मिळतो. म्हणून जुनी गावं सगळी नदीला धरून. पवनेवर रावेत, चिंचवड, थेरगाव, पिंपरी. इंद्रायणीवर तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली. काळी माती नदीकाठी, देवळं नदीकाठी, घाट नदीकाठी. आणि दोन नद्यांच्या मधे, निगडीपासून भोसरीकडे पसरत गेलेला उंचवटा, तो माळ. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. पावसाने साथ दिली तर बाजरी नाहीतर कुळीथ, आणि साथ सोडली की नुसतं गवत. गावची गुरं तिकडे चरायची, धनगरांचे कळप उतरायचे.

या शहरावर निघणाऱ्या गौरवग्रंथांत उद्योगपतींचे फोटो असतात. असावेत. पण माझं म्हणणं इतकंच आहे की हे शहर एका माळाने घडवलं, एका नदीने पोसलं, आणि या दोघांचा हिशेब कुणी अजून नीट मांडलेला नाही.

कारखान्यांच्या आधी इथे काहीच नव्हतं, असंही बोलायची पद्धत पडली आहे. ‘पूर्वी इथे उजाड माळरान होतं’ हे वाक्य मी इतक्या भाषणांत ऐकलं आहे की कंटाळा आला. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, देव घराण्याचं संस्थान आहे. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते. ती कुठल्याही कंपनीच्या भोंग्याच्या कितीतरी आधीपासून जाते आहे. चापेकर बंधू चिंचवडचे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, तिचा माग शेवटी इथल्या वाड्यापर्यंत येतो. देहूहून तुकोबांची पालखी निघते ती दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. कारखान्यांच्या भिंतींच्या मधून पालखी जाते तेव्हा आधी कोण आलं होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

रेल्वे आली १८५८ साली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जूनला सुरू झाला. बोरघाट पूर्ण होऊन थेट मुंबईशी गाठ पडायला १८६३ उजाडलं. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, पुढे देहूरोडला लष्कराची कोठारं झाली. म्हणजे माळाच्या दोन्ही टोकांना फौज आणि मधून आगगाडी. तरीही जवळजवळ शंभर वर्षं माळावर काही उगवलं नाही. परीक्षेत मी प्रश्न घालायची, ‘पिंपरी-चिंचवडमध्ये उद्योग वाढण्याची कारणे लिहा’ आणि सगळी मुलं ‘रेल्वे व महामार्गाची सोय’ असं पहिल्या क्रमांकावर लिहायची. गाईडमध्ये तसंच असायचं. गुण द्यावे लागत, पण मी समासात लिहायची: मग शंभर वर्षं काय झोपा काढल्या?

माळ जागा झाला तो सरकारने ठरवलं तेव्हा. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषधं करणारी सरकारी मालकीची देशातली पहिली कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत तिला होती आणि १९५५ पासून इथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. माझे वडील १९५७ मध्ये वाईहून एक पत्र्याची ट्रंक आणि बी.एस्सी.चं प्रमाणपत्र घेऊन आले ते या कंपनीत, फर्मेंटेशनला. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, कॉलनीतले लोक ‘एचए’तले म्हणायचे. कंपनीचं पूर्ण नाव घेतलेलं मी फक्त पंधरा ऑगस्टच्या भाषणात ऐकलं.

पेनिसिलिन ही बुरशीची देणगी. पोलादाच्या उंच टाक्यांमध्ये साखर आणि मक्याच्या भिजवणीचा दाट अर्क यांचं पातळ खाद्य करायचं, ते निर्जंतुक करायचं, त्यात बुरशी सोडायची आणि खालून गाळलेली हवा फुंकत राहायचं. चारपाच दिवस ही टाकी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघायची. बाबा म्हणायचे, ‘तान्हं मूल बरं गं, निदान रडून सांगतं. ही बया गुपचूप मरते.’ बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर अख्खी टाकी गटारात. तसं झालं की बाबा घरी येऊन न बोलता जेवायचे आणि आई आम्हाला खुणेने गप्प करायची. रात्रपाळी करून आले की त्यांच्या शर्टाला आंबलेल्या मक्याचा वास असायचा. पाहुण्यांना तो सहन व्हायचा नाही; आम्हाला तो वास म्हणजे बाबा घरी आले एवढंच कळायचं.

कॉलनीतल्या आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब, पलीकडे बंगाली, वरच्या मजल्यावर कोल्हापूरकर. रस्त्याच्या आणि रुळांच्या पलीकडे पिंपरी कॅम्प, फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांची वसाहत. घरदार सोडून आलेल्या त्या लोकांनी दहा-पंधरा वर्षांत बाजारपेठ उभी केली. माळावरच्या पहिल्या पिढीच्या कामगाराने पहिली टेरिलिनची पँट, पहिला रेडिओ, लग्नाचा बस्ता घेतला तो कॅम्पात, बहुतेक वेळा हप्त्याने. कुठल्याही औद्योगिक इतिहासात हे लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर पिंपरीची पहिली यशस्वी वसाहत एमआयडीसीची नाही, ती सिंध्यांची.

एचएच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे तिथले मोठे शास्त्रज्ञ. मातीतले सूक्ष्मजीव तपासता तपासता त्यांना बुरशीजन्य रोगांवर चालणारं एक नवं प्रतिजैविक सापडलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याला हॅमायसिन म्हटलं गेलं आणि ज्या जीवाणूपासून ते मिळतं त्याचं शास्त्रीय नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. बाजरी धड पिकत नाही म्हणून ज्या मातीला गावाने नावं ठेवली, तिचं नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत गेलं. मी हे वर्गात सांगायची तेव्हा मुलांना खोटं वाटायचं.

एचएमुळे सिद्ध झालं की माळावर कारखाना चालतो. मग रांग लागली. मुंबईत जागा उरली नव्हती, जी होती ती परवडत नव्हती, आणि नव्या महाराष्ट्र सरकारलाही कारखाने मुंबईबाहेर न्यायचे होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं आणि माळावर ए, बी, सी, डी करत ब्लॉक पडले. आमच्याकडे पत्ते असेच असतात, ‘जे ब्लॉकला ये’, ‘टी ब्लॉकमध्ये शेड आहे’. बजाज ऑटो १९६० मध्ये परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवू लागली, तिचा कारखाना आकुर्डीला. बजाज टेम्पो आकुर्डीला. एसकेएफची बेअरिंगं चिंचवडला, केएसबीचे पंप पिंपरीला, सेंच्युरी एन्काचा नायलॉनचा धागा भोसरीला, सँडविकची कटिंग टूल्स दापोडीला. थरमॅक्सचे बॉयलर, फिनोलेक्सच्या केबल. यादी लांबवण्यात अर्थ नाही. यातल्या बऱ्याच नावांचे आज चौक आहेत. रिक्षावाल्याला ‘केएसबी चौक’ सांगा, तो आत काय बनतं हे न विचारता नेऊन सोडतो.

माळच का, याचं भूगोलातलं उत्तर साधं आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर जड यंत्राचा पाया टिकवायचा म्हणजे खर्च. मुरूम आणि पाषाण हलत नाहीत. शेकडो टनांचा प्रेस बसवायला ज्या जमिनीत नांगर चालत नाही तीच जमीन उत्तम. शिवाय माळ उंचावर असल्याने पुराची भीती नाही. शेतकऱ्याला जी नापीक, ती कारखानदाराला सुपीक. आणि भाव मात्र शेतकऱ्याच्या हिशेबाने लागला.

टाटांची टेल्को आली १९६५-६६ च्या सुमाराला. सुमंत मुळगावकरांनी इथे जे केलं ते मला आजही विलक्षण वाटतं. आधी गाड्या नाहीत. आधी टूलरूम, यंत्रं बनवणारा विभाग आणि कामगारांना शिकवणारं प्रशिक्षण केंद्र. पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालवाहू गाडी बाहेर पडली १९७७ मध्ये, म्हणजे अकरा-बारा वर्षांनी. आजच्या कुठल्या मालकाला एवढा धीर धरवेल? त्यांनी त्या उघड्या माळावर झाडं लावली, तळं केलं, तळ्यावर पाणपक्षी यायला लागले. पुढे टाटा सुमो आली तिच्या नावातली पहिली अक्षरं सुमंत मुळगावकरांचीच. शाळेच्या सहलीला परवानगी काढून मी मुलांना ते तळं दाखवायला नेलं होतं. एका मुलाने परतताना विचारलं, ‘बाई, हे भिंतीच्या आतच का?’ प्रश्न बिनतोड होता. या शहरातलं सर्वांत विचारपूर्वक घडवलेलं निसर्गदृश्य भिंतीच्या आत आहे आणि भिंतीच्या बाहेर, त्याच मुरमाडावर, आम्ही राहतो.

बाहेर राहणारे कोण होते? आयटीआय झालेला साताऱ्याचा, सांगलीचा मुलगा, फिटर नाहीतर टर्नर. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड, उस्मानाबाद, सोलापूर, नगर. मग खानदेश, आज निगडी-चिंचवडात श्रावणात कानबाई बसते ती जळगाव-धुळ्याला बसते त्याच थाटात. केरळातून आलेल्यांचं अय्यप्पा मंदिर आहे, बिहारहून आलेल्यांची छठपूजा घाटांवर होते. राहायला जागा कुठे? कंपन्यांच्या कॉलन्या थोड्या आणि नशीबवानांच्या, आमच्यासारख्या. बाकीच्यांना गावातल्या शेतकऱ्याने जागा दिली. माळ गेल्यावर गुरं चारायला रान उरलं नाही, गुरं विकली, रिकाम्या गोठ्याच्या जागी दहा बाय दहाच्या खोल्या काढल्या. एका खोलीत सहा-सात पोरं, तीन पाळ्यांत वाटलेली. पहिल्या पाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. पाळी सुटताना आकुर्डीच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा. स्कूटर बनवणाऱ्यांच्या बुडाखाली सायकल! चेतकसाठी देशभर लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो हा काळ. खुद्द राहुल बजाज कारखान्याच्या आवारातल्या वसाहतीत राहायला आले आणि अनेक दशकं तिथेच राहिले, हे मात्र नोंदवायला हवं. मालक माळावर राहतो याचं लोकांना अप्रूप होतं.

माझा धाकटा भाऊ एका मोठ्या कंपनीत टेम्पररी होता. सात महिने काम, मग ब्रेक. पुन्हा अर्ज, पुन्हा मेडिकल, पुन्हा सात महिने. दरवेळी टोकन नंबर नवा. आई देवापुढे साखर ठेवायची ती त्याच्या परमनंट होण्यासाठी. तो झाला नाही. शेवटी भोसरीत एकाच्या शेडमध्ये लेथ चालवू लागला आणि पुढे स्वतःचा एक जुना लेथ घेऊन जॉबवर्क करू लागला. असे हजारो. मोठ्या कंपनीच्या गेटवर लटकलेली ही माणसंच खरं तर इथल्या उद्योगाचा कणा झाली. मोठ्या कंपनीची गाडी म्हणजे शे-दोनशे शेडमधून आलेल्या बुशा, पिना, ब्रॅकेटं आणि गॅस्केटांची जुळणी. खंडेनवमीला भोसरीतून चक्कर मारा, प्रत्येक शटरच्या आत झेंडूच्या माळा घातलेलं एखादं मशिन आणि समोर नारळ फोडणारा मालक, जो स्वतःच ऑपरेटरही असतो.

कामगार चळवळीवर वेगळा लेख लिहावा लागेल. एवढंच सांगते की सप्टेंबर १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस एका रात्री पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. त्यानंतर या पट्ट्यातल्या युनियनचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. काम कायम कामगाराकडून कंत्राटी कामगाराकडे आणि मोठ्या छपराखालून छोट्या पत्र्याखाली सरकलं. पत्र्याखाली काय होतं ते डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात दिसलं. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागली आणि त्यात गेलेल्या बहुतेक बायका होत्या. त्यांतली एकही कुठल्या गौरवग्रंथात येणार नाही.

नगरपालिकेची गोष्ट त्यामानाने सरळ. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगरांचा पुढाकार त्यात मोठा. १९७१ च्या जनगणनेत वस्ती सुमारे ८३ हजार. ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका झाली, १९९७ मध्ये भोवतीची अठरा गावं आत आली, आणि २०११ मध्ये वस्ती १७ लाख २७ हजारांवर पोचली. चाळीस वर्षांत वीसपट. ‘आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका’ हे बिरुद आमच्या पुढाऱ्यांना फार आवडायचं. श्रीमंती कसली, तर जकातीची. कारखान्यात येणाऱ्या पोलादाच्या प्रत्येक कॉइलवर नाक्यावर जकात. त्या पैशातून रुंद रस्ते झाले, उड्डाणपूल झाले, आमच्या शाळांच्या इमारती झाल्या, याबद्दल मी कृतज्ञ आहे. २०१३ मध्ये जकात गेली.

या सगळ्यात जमीनवाल्याचं काय झालं? एमआयडीसीने माळ घेतला तेव्हा जाणत्यांनी फार विरोध केला नाही. खडकाळ तुकडा जातो आहे, नदीकाठची काळी राहते आहे, असा हिशेब होता. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि घरांसाठी आणखी जमिनी संपादित झाल्या. मोबदल्याशिवाय साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी, या मागणीसाठी १९७२ ते १९८३ या काळात जमिनी गेलेल्यांच्या दोन पिढ्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं. माझ्या वर्गात अशा घरांतली मुलं असायची. आडनावांवरून अख्ख्या आळ्या ओळखता यायच्या. काहींच्या घरी आज चार बंगले आहेत, काहींच्या घरी कोर्टाच्या तारखांची पिशवी. ‘गाववाले गुंठामंत्री झाले’ असं पुण्यातल्या लोकांनी हसत म्हणावं, हे मला पटत नाही. गुंठे ज्याचे विकले गेले त्याने ते ठरवलेल्या भावाने आधी गमावलेले होते.

नव्वदनंतर माळ पुन्हा बदलला. एचए आजारी पडली. १९९७ मध्ये तिचं प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेलं. बजाजने सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीचं उत्पादन थांबवलं. चिंचवडच्या एल्प्रो कंपनीच्या जागेवर आज त्याच नावाचा मॉल आहे. मोटारींचा धंदा इंद्रायणी ओलांडून पुढच्या माळावर, चाकणला गेला. गंमत बघा, तिथेही तेच, दोन नद्यांच्या मधला उंचवटा, मुरूम, स्वस्त जमीन, नदीकाठची जुनी गावं. आणि पवनेपलीकडे हिंजवडीत संगणकवाले. आकुर्डीत २०२२ पासून बजाजची विजेवरची चेतक बनते आहे, म्हणजे माळ अगदीच निवृत्त झालेला नाही. पण मोकळ्या झालेल्या प्लॉटांवर आता बावीस-बावीस मजले चढत आहेत. ते बांधणाऱ्यांच्या पत्रकांवर ‘रिव्हर व्ह्यू’ लिहिलेलं असतं. कारखाना माळावर होता म्हणून निदान नदीपासून लांब होता. आता शहर नदीत उतरायला लागलं आहे.

नदीचं सांगायचं तर पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. धरणातून पाणी नदीत सोडायचं, रावेतच्या बंधाऱ्यातून ते उचलायचं, निगडीच्या उंचावर चढवून शुद्ध करायचं आणि तिथून उताराने शहरभर सोडायचं, ही आमची व्यवस्था. इथेही माळाची उंची कामाला आली. धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते मावळचे शेतकरी. मग धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणायचं ठरलं. नदीत पाणी वाहिलं नाही तर काठच्या शेतीने काय करायचं, म्हणून मावळ पेटला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलक शेतकरी मेले, त्यांत एक बाई होती. काम थांबलं ते वर्षानुवर्षं थांबूनच राहिलं. त्या दिवशी नळ सोडताना माझा हात थबकला होता, हे खरं. आणि दुसऱ्या दिवशी सोडला, हेही खरं. सतरा लाखांच्या शहराला दुसरा पर्याय नव्हता.

त्या बदल्यात नदीला आम्ही काय दिलं? शहरातून बाहेर पडणाऱ्या पवनेचा रंग बघा, म्हणजे कळेल. इंद्रायणीवर आळंदीत पांढरा फेस येतो आणि कार्तिकीला वारकरी त्या फेसातून हात बुडवून तीर्थ घेतात. त्यात कुठल्या कंपनीचं किती, कुठल्या घराचं किती आणि कुठल्या गावचं किती, यावर वर्षानुवर्षं चर्चा चालते. चर्चेने फेस बसत नाही.

२५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था अंगवळणी पडली आहे. आंद्रा धरणाचं पाणी निघोजेजवळ इंद्रायणीतून उचलून चिखलीला आणलं, तरी दिवसाआडची सवय सुटलेली नाही. पावसाळ्यात याच्या उलट. धरण भरलं, विसर्ग वाढला की पवनेचं पाणी मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात शिरतं. जुन्या माणसांनी मंदिर नदीशी सलगी करून बांधलं, पण राहती घरं मागे ठेवली. आपण घरंच पुढे नेतो आहोत. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेला न्यायालयाच्या आदेशाने पाडावे लागले. आयुष्यभराची कमाई घातलेली माणसं रस्त्यावर उभी होती.

म्हणून आता शिकवायची नोकरी नसली तरी, या भागात घर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. बिल्डरचं पत्रक बाजूला ठेवा. पूररेषेचा नकाशा बघा, त्यात निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात, आपला प्लॉट त्यांच्या कुठल्या बाजूला आहे ते महापालिकेत जाऊन लेखी विचारा, आणि उत्तर हातात पडल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका.